मुद्दल किती, वसुली केव्हा?

व्यापारी घरात माल भरण्यापूर्वी भाव, वाहतूक, व्याज आणि उठाव या चारही बाबी पाहिल्या जातात. मुलामुलींच्या शिक्षणासाठी रक्कम मोजताना मात्र हीच घरे पुष्कळदा माहितीपत्रकावरील एका आकड्यावर विसंबतात. अलीकडे दंतचिकित्सा साहाय्यकाच्या अभ्यासक्रमाविषयी अनेक घरांत विचार चालतो. कालावधी थोडा, काम स्वच्छ, वेळ ठरलेली आणि गावोगावी वाढणारे दवाखाने, ही त्यामागील कारणे रास्त आहेत. तरीही निर्णय हिशेबाच्या कसोटीवर उतरला पाहिजे.

प्रथम कामाचे स्वरूप. दंतवैद्याच्या शेजारी बसून शोषणनळी धरणे, हत्यारे हातात देणे, भरावाचे मिश्रण कालवणे आणि वापरलेली हत्यारे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे हा त्याचा गाभा. त्याला जोडून रुग्णांच्या वेळा, साहित्याचा साठा आणि बिले सांभाळावी लागतात. दुकानात वाढलेल्या मुलीला यातील अर्धे काम घरीच अवगत झालेले असते, ही जमेची बाजू. रक्ताशी आणि लाळेशी संबंध येत असल्याने कावीळ-ब रोगाच्या लसीच्या तीन मात्रा घेणे आवश्यक असते. तोही खर्च हिशेबात धरावा.

आता कायद्याची बाजू. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात दंतवैद्य, दंत आरोग्यक आणि दंत यंत्रज्ञ अशा तीन वर्गांच्या नोंदणीची तरतूद केली होती. दवाखान्यातील साहाय्यक त्यात नव्हता. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. साहाय्यकाच्या कामासाठी नोंदणीची सक्ती नसल्याने अनेक दंतवैद्य होतकरू मुलीला हाताखाली घेऊन वेतन देत शिकवतात. खासगी संस्थेचे प्रमाणपत्र हे कौशल्याचा पुरावा ठरू शकते. परवाना ठरत नाही. आरोग्यक आणि यंत्रज्ञ यांचे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम मात्र मान्यताप्राप्त संस्थेतूनच करावे लागतात आणि त्यानंतर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी होते. तेथे प्रवेशासाठी विज्ञान शाखेची अट आहे का, हे आधीच तपासावे.

हिशेबाची रीत एका उदाहरणाने पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिले आहेत. प्रत्येक घराने आपल्या गावचे खरे आकडे त्या जागी मांडावेत.

समजा, एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचे शुल्क ६०,००० रुपये आणि प्रवास, गणवेश, पुस्तके मिळून २०,००० रुपये. नंतरचे वेतन दरमहा १३,००० रुपये. संस्थेचा प्रतिनिधी सांगतो, ‘सव्वासहा महिन्यांत पैसे वसूल!’ ८०,००० भागिले १३,००० हा भागाकार बरोबर आहे, परंतु हिशेब चुकीचा आहे. त्या वर्षी ती मुलगी एखाद्या दवाखान्यात ८,००० रुपयांवर शिकाऊ म्हणून राहू शकली असती. म्हणजे ९६,००० रुपयांची मिळकत बुडाली. खरे भांडवल १,७६,००० रुपये झाले. शिवाय वर्षभर काम शिकलेल्या त्याच मुलीचे वेतन ११,००० झाले असते. तेव्हा अभ्यासक्रमाने दिलेली खरी वाढ १३,००० नव्हे, केवळ २,००० रुपयांची. या वाढीतून १,७६,००० रुपये वसूल होण्यास ८८ महिने, म्हणजे सात वर्षे चार महिने लागतील. व्याज तर अजून धरलेलेच नाही.

याउलट तोच अभ्यासक्रम सायंकाळचा असेल, नोकरी सांभाळून करता येत असेल आणि सर्व खर्च २४,००० रुपये असेल, तर तेवढ्याच वाढीतून बारा महिन्यांत रक्कम परत येते. म्हणून प्रश्न ‘अभ्यासक्रम चांगला की वाईट’ एवढाच नसतो. तो कोणत्या अटींवर आणि कशाच्या बदल्यात, हाही असतो.

दोन वर्षांच्या पदविकेचा हिशेब असाच मांडावा. समजा, शुल्क व इतर खर्च १,९०,००० रुपये आणि दोन वर्षांची बुडालेली मिळकत ९६,००० अधिक १,३२,००० रुपये. एकूण ४,१८,००० रुपये. पुढे वेतन २०,००० आणि पदविकेविना १२,००० मिळाले असते, तर ८,००० रुपयांच्या फरकातून ही रक्कम सुमारे साडेचार वर्षांत भरून निघते. मोठे भांडवल लहान भांडवलापेक्षा लवकर सुटू शकते, हे व्यापाऱ्यास नव्याने सांगावयास नको. शिवाय दंत यंत्रज्ञाला कवळ्या व दातांच्या टोप्या तयार करणारी स्वतःची प्रयोगशाळा काढण्याची वाट मोकळी असते. साहाय्यकाच्या वेतनाला मात्र काही वर्षांनी मर्यादा पडते.

विवाहानंतर अमेरिकेत जाण्याची शक्यता धरून काही घरे हे प्रमाणपत्र घेतात. तेथील कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये साहाय्यकाचे मध्यम वार्षिक वेतन ४६,५४० डॉलर आणि दंत आरोग्यकाचे ८७,५३० डॉलर होते. परंतु तेथे नियम राज्यागणिक निराळे आहेत, आणि पतीच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर काम करण्याची मुभा सरसकट मिळत नाही. त्या आशेवर येथे शुल्क भरणे म्हणजे न ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी माल भरणे होय.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेला चार गोष्टी विचाराव्यात. प्रमाणपत्र कोण देते आणि ते राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यात बसते का? प्रत्यक्ष खुर्चीशेजारी किती तास काम मिळते? गेल्या तुकडीतील मुली कोठे काम करतात? मध्येच सोडल्यास शुल्क परत मिळते का? उत्तरे लेखी घ्यावीत आणि जवळच्या दोन दंतवैद्यांना भेटून ‘हे प्रमाणपत्र असल्यास आपण किती अधिक वेतन द्याल?’ असे विचारावे. ते जो आकडा सांगतील, तोच अभ्यासक्रमाचा बाजारभाव.

कर्ज लागल्यास बँकांच्या कौशल्य कर्ज योजनेची चौकशी करावी. पात्र अभ्यासक्रमांसाठी हमी योजनेखालील कर्जाची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखावरून साडेसात लाख रुपयांपर्यंत वाढली आहे. मात्र कर्ज मिळते म्हणून अभ्यासक्रम परवडतो, असे नव्हे. वेतनातील वाढ हप्त्याहून कमी असेल, तर तो हप्ता अखेर घराच्या गल्ल्यातूनच जातो.

एक बाब मात्र वहीत पूर्ण उतरत नाही. स्वतःच्या खात्यात दरमहा जमा होणारे वेतन मुलीला घरात बोलण्याचे बळ देते आणि अडचणीच्या काळात साऱ्या कुटुंबाला आधार देते. विवाहातील एका दिवसाच्या रोषणाईवर याहून अधिक रक्कम खर्च करणाऱ्या घरांनी शुल्काकडे पाहून हात आखडता घेऊ नये. हिशेब मांडावयाचा तो तिला अडविण्यासाठी नव्हे. तिचे एक वर्षही वाया जाऊ नये म्हणून.