राजीनाम्याआधी झोप आणि विमा

हिंजवडीत नोकरी करणारा अडतिशीतला एखादा अभियंता घ्या. दिवसभर कंपनीचे काम, रात्री दहा ते दोन स्वतःच्या स्टार्टअपचे. गुंतवणूकदार नाही, सगळे घरच्या बचतीवर. नोकरी सोडावी का, हा प्रश्न कित्येक महिने डोक्यात. घराचा हप्ता, मुलांची फी, शिल्लक किती महिने पुरेल, हे सारे वहीत मांडलेले असते. झोप आणि आरोग्य विमा हे रकाने मात्र कोरे राहतात.

नोकरी सांभाळून धंदा सुरू कर, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला चुकीचा नाही. रॅफी आणि फेंग या संशोधकांनी अमेरिकेतील माहितीवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा आधी नोकरीसोबत व्यवसाय करून पाहणाऱ्यांमध्ये तो बंद पडण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. प्रश्न आहे तो या काळात शरीर काय किंमत मोजते याचा.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २००३ च्या प्रयोगात काहींना दोन आठवडे रोज सहाच तास, तर काहींना चारच तास झोपू दिले. लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांत ही माणसे एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली. गंमत म्हणजे आपण इतके घसरलो आहोत याची त्यांना फारशी जाणीवच नव्हती. ‘मला सवय झाली आहे’ या वाक्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. आयुष्यातला एवढा मोठा निर्णय अशा थकलेल्या मेंदूने घेण्यापेक्षा दोन-तीन आठवडे स्टार्टअपचे रात्रीचे काम थांबवून पुरेसे झोपावे आणि मग ठरवावे. दोन-तीन आठवड्यांनी धंदा बुडत नाही.

दुसरा रकाना विम्याचा. कंपनीचे विमा संरक्षण बहुधा नोकरीसोबतच संपते. स्वतःची नवी पॉलिसी घेतली, तर अपघात वगळता पहिले तीस दिवस सहसा दावा करता येत नाही. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तर तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. २०२४ च्या नियमांआधी ही मर्यादा चार वर्षे होती. ही प्रतीक्षा पगार चालू असतानाच सुरू झालेली बरी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. कंपनीचीच पॉलिसी वैयक्तिक करून मिळेल का, हे एचआरला राजीनाम्याआधी विचारावे, नंतर नव्हे.

काही जण रक्तदाब, साखर तपासणेच पुढे ढकलतात; कागदावर आजार आला तर हप्ता वाढेल म्हणून. ही चतुराई महागात पडते. आजार लपवला तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तपासलाच नाही तर तो आत वाढत राहतो.

सर्वांत अवघड प्रश्न आई-वडिलांचा. सत्तरीतल्या मधुमेही आईला कंपनीच्या पॉलिसीत सहज जागा मिळालेली असते; बाहेर ती मिळायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. तिची पॉलिसी हाती येईपर्यंत राजीनामा सहा महिने लांबला, तर लांबू द्यावा.