परदेशी अनुदान : अर्जाआधीची तीन वर्षे

भारतातील काही परदेशी वकिलाती लहान लोकोपयोगी प्रकल्पांसाठी निधी देतात. शाळेच्या दोन खोल्या, पिण्याच्या पाण्याची टाकी, रुग्णवाहिका, महिलांचे प्रशिक्षण केंद्र अशी ही कामे असतात. जपान सरकारची तळागाळातील मानवी सुरक्षा प्रकल्पांसाठीची अनुदान योजना त्यांपैकी सर्वांत परिचित असून तिच्यात एका प्रकल्पाला साधारणपणे १ कोटी येनपर्यंत साहाय्य मिळते. ऑस्ट्रेलियाचा 'डायरेक्ट एड प्रोग्राम'ही याच स्वरूपाचा आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या 'यूएसएड' या संस्थेचे काम संपुष्टात आल्यानंतर अशा उरलेल्या योजनांकडे स्वयंसेवी संस्थांचे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. मात्र या अनुदानाचा निर्णय अर्जाच्या गुणवत्तेवर होण्याआधीच संस्थेच्या जुन्या हिशेबवह्यांवर होतो, ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

तमिळनाडूतील कुंभकोणमलगतच्या दारासुरम् या गावाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरेल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता असलेल्या तंजावर राज्यातील हा परिसर मराठी वाचकांना अपरिचित नाही. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात उभारलेल्या येथील ऐरावतेश्वर मंदिराचा २००४ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. याच गावात रेशमी वस्त्रांच्या विणकामाची परंपरा आहे. येथील विणकरांच्या एखाद्या गटाने मागांसाठी सामाईक छप्पर आणि तरुणांसाठी प्रशिक्षण केंद्र उभारण्याचे ठरवले, तर त्यांच्या मार्गात काय येईल?

नोंदणीचा उंबरठा

पहिला प्रश्न संस्थेच्या स्वरूपाचा. ही अनुदाने ना-नफा संस्थांसाठी असतात. व्यक्तींना अथवा व्यापारी उपक्रमांना ती मिळत नाहीत. विणकरांच्या जीवनात सहकारी संस्थेला महत्त्वाचे स्थान असले, तरी सभासदांत नफा वाटणारी संस्था या चौकटीत सहज बसत नाही. म्हणजे त्यांना स्वतंत्र सोसायटी किंवा न्यास स्थापन करावा लागेल.

दुसरा प्रश्न कायद्याचा. १९७६ च्या कायद्याची जागा घेणारा परकीय अंशदान विनियमन कायदा, २०१० परदेशी सरकारकडून येणाऱ्या रकमेलाही लागू होतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नव्या विणकर संस्थेने एवढी रक्कम स्थानिक देणग्यांतून उभी करायची आणि मगच पात्र व्हायचे, असा याचा अर्थ होतो. विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगीचा पर्याय आहे, परंतु त्यासाठी देणगीदाराचे वचनपत्र आधी हाती हवे. ज्या संस्थेला अद्याप पैसे स्वीकारता येत नाहीत, तिला असे पत्र मिळणे सोपे नाही.

तिसरी अडचण दारासुरमची स्वतःची आहे. जपानी योजनेत मुख्यतः इमारती व उपकरणे यांवर भर असतो. वेतन व दैनंदिन खर्च संस्थेने सोसायचा असतो. परंतु केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी आवश्यक आहे. मंदिराजवळची जागा निवडल्यास अर्ज तेथेच अडेल. त्यामुळे जागेचा निर्णय आराखड्याच्या आधी व्हावयास हवा.

मातृसंस्थेचा मार्ग

लहान गावाने परदेशी निधीचा उत्तम विनियोग केल्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९९० च्या दशकात जर्मन सरकारच्या साहाय्याने सुरू झालेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील दरेवाडीसारख्या गावांनी श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारून आपली उजाड जमीन सावरली. त्या गावांनी परदेशी कचेरीकडे थेट अर्ज केले नव्हते. निधी दोन देशांतील करारान्वये नाबार्डमार्फत आला आणि फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'वॉटर' या संस्थेने गावकऱ्यांना हिशेब व नियोजन शिकवले. गावाची शिस्त आणि मोठ्या संस्थेचा आधार या दोहोंचा तो मेळ होता.

वकिलातींच्या अनुदानांबाबत आज असा मेळ घालणे कठीण झाले आहे. सप्टेंबर २०२० मधील दुरुस्तीनुसार परकीय अंशदान एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. पारदर्शकता आणि गैरवापरास आळा ही सरकारची भूमिका असून एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परदेशी पैशावर देखरेख असावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि, २००३ च्या अर्थसंकल्पात लहान देणगीदार देशांची थेट शासकीय मदत थांबवताना, त्यांनी ती स्वयंसेवी संस्थांमार्फत द्यावी असा मार्ग सरकारनेच सुचवला होता. त्या मार्गाचा उंबरठा आता एवढा उंच झाला आहे की, मोठ्या संस्था तो ओलांडतात आणि विणकरांचा गट बाहेर राहतो. दिल्लीतील खाते आणि वार्षिक विवरणपत्र ही बंधने कायम ठेवून, ठरावीक मर्यादेखालील वकिलाती अनुदानांसाठी खर्चाची अट शिथिल करणे शक्य आहे. तसे केल्यास देखरेख कमी होणार नाही आणि लाभार्थी मात्र बदलतील.

तोपर्यंत लहान संस्थांनी अर्जाचा नमुना मागवण्यापूर्वी तीन कामे हाती घ्यावीत : संस्थेची रीतसर नोंदणी, स्थानिक देणग्यांतून केलेल्या कामाचे लेखापरीक्षित हिशेब आणि जागेची निर्वेध कागदपत्रे. अनुदान मिळो वा न मिळो, ही शिदोरी वाया जात नाही. बँकेच्या कर्जासाठी आणि राज्य शासनाच्या योजनांसाठीही तीच कागदपत्रे मागितली जातात.