रडगाणे म्हणणारांस

दिवाळीच्या दिवसांत, फराळाची ताटे समोर असताना, कोणी रडण्याविषयी लिहू नये असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे, आणि तोही एका परदेशी, कर्कश तबकडीच्या निमित्ताने. वाचकांनी क्षमा करावी. न केली तरी मी लिहिणारच!

अमेरिकेत कॅलिफोर्नियात बेकर्सफील्ड नावाचे शहर आहे. तेथल्या पाच तरुणांच्या ‘कॉर्न’ या मेळाने ऑक्टोबर १९९४ मध्ये आपली पहिली तबकडी काढली. पुढे ज्या संगीताला ‘न्यू मेटल’ हे नाव पडले, त्याचा आरंभ पुष्कळजण हिच्यापासूनच धरतात. सात तारांच्या गिटारी, त्याही सूर खाली उतरवून लावलेल्या. आणि जोनाथन डेव्हिस नावाचा गायक, जो गातो थोडे, पुटपुटतो आणि किंचाळतो फार. एका गाण्यात तर बॅगपाइपच्या साथीवर इंग्रजी बालगीतेच येतात. पण ती ऐकून कोणतेही बाळ झोपेलसे वाटत नाही.

तीस वर्षे उलटली तरी या तबकडीवरून श्रोत्यांची भांडणे चालूच आहेत. ‘हा गोंगाट आहे’ म्हणणारांशी माझा वाद नाही. ज्याचे कान त्याला लखलाभ. मलाही सगळी तबकडी गोड लागली नाही. काही गाणी एकाच घावाचे पाच-सहा ठोके वाटली, आणि शब्द तर असे, की चार माणसांत लावण्याची सोय नाही.

माझे भांडण आहे ते ‘हे रडगाणे आहे’ म्हणणारांशी. पैसा मिळाला, कीर्ती मिळाली, मग आता कुरकुर कसली, असे हे शहाणे विचारतात. अहो, पहिल्या तबकडीच्या वेळी पैसा कोठला? हा डेव्हिस त्याआधी प्रेतांची तपासणी होते त्या सरकारी कचेरीत काम करीत होता! तबकडीच्या २० लाख प्रती खपल्या त्या पुढे, हळूहळू.

आणि तो रडतो कशासाठी? शेवटच्या गाण्याचे नाव ‘डॅडी’. नाव वाचून कित्येकांनी परस्पर बापालाच आरोपी ठरवून टाकले. वस्तुतः डेव्हिसने स्वतःच सांगितले आहे, की लहानपणी अत्याचार केला तो दुसऱ्याच कोणी. हे त्याने आईवडिलांना सांगितले, तेव्हा पोरगा खोटे बोलतो असे त्यांना वाटले. गाणे त्या न ऐकण्याविषयी आहे. म्हणता म्हणता त्याला हुंदका आवरेनासा झाला, आणि निर्माता रॉस रॉबिन्सन याने तो हुंदका तसाच तबकडीवर ठेवला. पुढे कित्येक वर्षे हे गाणे ते लोकांसमोर गात नसत. (त्या रडण्यानंतर बरीच मिनिटे शांतता, आणि मग मोटारीच्या एका भागावरून कोणा नवराबायकोची अर्वाच्य भांडाभांडी घातली आहे, ती मात्र मला मुळीच रुचली नाही.)

आता गंमत पाहा. ज्या मुलाला घरात ‘खोटे बोलतोस’ म्हटले, त्याला प्रौढपणी हे श्रोते म्हणतात, ‘सोंग करतोस’. फरक तो काय? १९९८ साली मिशिगनमधल्या झीलंड गावी एका विद्यार्थ्याच्या सदऱ्यावर या मेळाचे नुसते नाव होते, तर शाळेने त्याला दिवसभरासाठी घरी धाडले. हे संगीत असभ्य आणि अश्लील म्हणून! असभ्य काय घडले होते, त्याची चौकशी कोणाला?

बरे, भक्तांचीही मला चीड येते. ‘आमचेच दुःख गातो’ म्हणून ते डोलतात. पण पुढे या हुंदक्याची नक्कल करून ज्यांनी दुकाने मांडली, त्यांच्यापुढेही ते तसेच डोलले. खरा कोणता आणि उसना कोणता, एवढे तरी कानाने निवडावे की नाही?

मी मास्तर आहे. ‘पोटात दुखते’ म्हणून शाळेला येऊ नको म्हणणाऱ्या पोराला ‘नाटक पुरे’ असे मी स्वतः किती वेळा म्हटले असेल, याचा हिशेब ठेवलेला नाही. दुखते कशाने, असे किती वेळा विचारले, तो हिशेब मात्र चटकन होतो.

तबकडीच्या वेष्टनावर एक चित्र आहे. झोपाळ्यावर बसलेली लहान मुलगी, उन्हाने डोळ्यांवर हात धरून वर पाहते आहे. समोर जमिनीवर एका पुरुषाची सावली पडली आहे. माणूस चित्रात नाही. तो मुलीलाच काय तो दिसतो.