मातकट वासाची करणी कोणाची?

वळवाची पहिली सर आली की घरातलं कुणी ना कुणी खिडकीशी जाऊन म्हणतंच, "काय छान वास सुटलाय मातीचा!" आणि तोच वास नळाच्या पाण्याला आला, की तीच मंडळी पेला तोंडापासून दूर करतात. बीट चिरताना किंवा तळ्यातला रोहू-कटला शिजवताना येणारा मातकट वासही तोच. अंगणात हवासा, ताटात नकोसा! हा वास येतो कुठून आणि घरात शिरला तर काय करावं, ते आज पाहू.

मातीचा म्हणून आपण जो वास ओळखतो, तो बराचसा तिच्यात राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जिवाणूंचा असतो. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सापडलं, ते याच कुळातून. त्याच विद्यापीठात १९६५ साली नॅन्सी गर्बर या संशोधिकेने ह्यूबर्ट लेशेव्हालिए यांच्यासह या वासाचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला 'जिऑस्मिन' असं नाव दिलं. ग्रीक भाषेत याचा अर्थ भूमीचा गंध. आपलं नाक याबाबतीत भारी तिखट, बरं का! एका लिटर पाण्यात ग्रॅमचे शंभर कोटी भाग करून त्यातले पाच-दहा भाग जरी असले, तरी आपल्याला वास येतो.

आता जिवाणू हे द्रव्य तयार कसं करतो? त्याच्याकडे त्यासाठी एक खास विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. मोदकाच्या साच्याची आठवण ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सुमारे सव्वासातशे अमिनो आम्लांची ही एकच लांब माळ, पण तिचे भाग दोन आणि दोघांची कामं वेगळी. पहिल्या भागाच्या पोकळीत पंधरा कार्बन अणूंची एक लांब साखळी शिरते. मॅग्नेशियमच्या मदतीने तिचं फॉस्फेटचं शेपूट तुटतं. शेपूट तुटलं की साखळी भलतीच चंचल होते आणि भेटेल त्याला चिकटू पाहते. म्हणूनच पोकळी बंदिस्त हवी. आत साखळी नेमकी वळते आणि तिचं एक कडं तयार होतं. हा अर्धा कच्चा माल मग दुसऱ्या भागात जातो. तिथे त्यातले तीन कार्बन ॲसिटोनच्या रूपाने बाहेर पडतात. होय, नखांचा रंग पुसायला आपण वापरतो तेच ॲसिटोन! पंधरातून तीन गेले, उरले बारा, हेच जिऑस्मिन.

एकाच विकरात दोन्ही कामं होतात, हे ब्राउन विद्यापीठातल्या डेव्हिड केन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं. त्यातल्या पहिल्या भागाची स्फटिकरचना २०१५ मध्ये उलगडली. नागमोडी पिळांचा वेढा, मधोमध पोकळी आणि तिच्या तोंडाशी मॅग्नेशियमचे तीन कण, अशी ती दिसली.

पण जिवाणूला हा खटाटोप कशासाठी? २०२० साली ब्रिटन आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना याचं उत्तर मिळालं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे बारीक जीव असतात. ते या वासाने ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्याची बीजुकं अंगावरून आणि विष्ठेतून दूरवर पसरवतात. म्हणजे हे जिवाणूचं आमंत्रणच म्हणायचं! कनोजच्या अत्तरवाल्यांनी तर भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवून 'मिट्टी अत्तर' केलं.

आता घरच्या उपायांकडे वळू.

पाणी: उन्हाळ्यात धरणं आटली की निळ्या-हिरव्या शेवाळासारखे जिवाणू वाढतात आणि तेही जिऑस्मिन तयार करतात. ते द्रव्य स्वतः अपायकारक नाही. तुरटी फिरवून किंवा क्लोरीन टाकून वास जात नाही. सक्रिय कोळशाचा फिल्टर तो शोषून घेतो. पाणी थंड करून त्यात लिंबाचे दोन थेंब पिळले तरी वास कमी जाणवतो. मात्र वास नाही म्हणजे पाणी शुद्ध, असं समजू नका. जंतूंसाठी पाणी उकळायलाच हवं. आणि विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यावर हिरवा तवंग दिसला, तर ते पिऊ नका. अशा तवंगातली काही विषं उकळूनही जात नाहीत.

मासे: जिऑस्मिन चरबीत आणि कातडीत साठतं. म्हणून गोड्या पाण्यातल्या माशाची कातडी आणि चरबी काढा, तुकड्यांना लिंबू किंवा चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा. आंबटात जिऑस्मिनचं रूप पालटतं आणि वास मंदावतो. आपल्या आया-आज्या माशाला चिंच, कोकम लावत आल्या, त्यात हाही फायदा आहेच.

बीट: साल जाड काढा आणि कोशिंबिरीत लिंबू किंवा दही सढळ हाताने घाला. नाक मुरडणारी मुलंही ताट पुसून उठतील!