विश्लेषण : भररस्त्यातून धावणारी रेल्वे का संपली? जुन्नर-आंबेगावने त्यातून काय घ्यावे?

अमेरिकेतील मिशिगन सिटी या शहरात घरांच्या दारांसमोरून, मोटारींच्या रांगेतून शंभराहून अधिक वर्षे धावणारी विजेची रेल्वे २०२२ मध्ये रस्त्यावरून कायमची हटली. इकडे पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग जुन्नर-आंबेगावातून हटवून शिर्डीकडे नेण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली आहे. दोन्हीकडे रूळ सरकले. एका ठिकाणी प्रवाशांना जास्त गाड्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी गाडी येण्याआधीच गेली. असे का घडते, याचा हा आढावा.

‘इंटरअर्बन’ म्हणजे काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेजारशेजारची शहरे आणि गावे जोडणाऱ्या विजेच्या गाड्यांचे जाळे उभे राहिले. त्यांना ‘इंटरअर्बन’ म्हणत. गावाबाहेर ही गाडी स्वतःच्या जागेतून वेगाने धावे. गावात शिरली की ट्रामसारखी मुख्य रस्त्यावरून जाई आणि थेट बाजारपेठेत थांबे. भूसंपादनाचा खर्च वाचे, प्रवासी दुकानाच्या दारात उतरे. भर ओसरत्या काळाआधी, १९१६ च्या सुमारास, हे जाळे जवळपास २५ हजार किलोमीटरचे होते.

मुंबईची ट्राम याच कुळातली, पण ती शहराच्या आतच फिरे. ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामने तिची सुरुवात झाली, १९०७ मध्ये ती विजेवर आली, १९२० मध्ये दुमजली झाली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली.

मग रस्त्यावरची रेल्वे संपली कशामुळे?

पहिले कारण अभियांत्रिकीचे. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात घर्षण कमी असते. त्यामुळे रेल्वे कमी ऊर्जेत धावते, पण पटकन थांबत नाही. ती बाजूलाही वळू शकत नाही. समोर टेम्पो बंद पडला तर बस वळसा घालते, रेल्वे मात्र उभी राहते. म्हणून भरवस्तीत तिला सायकलच्या वेगाने जावे लागते.

दुसरे कारण पैशाचे. रस्ता वापरू देण्याच्या बदल्यात अनेक नगरपालिकांनी कंपन्यांवर दोन अटी घातल्या होत्या. रुळांमधला आणि लगतचा रस्ता कंपनीने दुरुस्त ठेवायचा आणि भाडे परवानगीशिवाय वाढवायचे नाही. पुढे मोटारी आणि बस आल्या. त्या याच रस्त्यावरून, दुरुस्तीचा तेवढा भार न उचलता, धावू लागल्या. म्हणजे रेल्वे कंपनी स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याचा रस्ता सांभाळत होती. १९३० च्या मंदीत बहुतेक इंटरअर्बन कंपन्या बुडाल्या.

तिसरे कारण धोरणाचे. रस्त्यात अडथळा कोणाचा, ट्रामचा की मोटारींचा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक शहरांनी ‘ट्रामचा’ असे दिले. मुंबईतही तेच झाले.

मिशिगन सिटीत काय केले?

शिकागो ते साउथ बेंड ही ‘साउथ शोअर लाइन’ जुन्या इंटरअर्बनपैकी टिकलेली जवळपास शेवटची. तिने ईस्ट शिकागोतील रस्ता १९५६ मध्ये आणि साउथ बेंडमधील रस्ता १९७० मध्ये सोडला. मिशिगन सिटीत मात्र ती दोन रस्त्यांच्या मधोमध, एकाच रुळावरून धावत राहिली. समोरून गाडी येणार असेल तर दुसरीला शहराबाहेर थांबावे लागे. या तुकड्यामुळे साऱ्या मार्गाचे वेळापत्रक अडकत होते.

फेब्रुवारी २०२२ अखेर ही सेवा तात्पुरती थांबवून प्रवाशांसाठी बस सोडण्यात आल्या. त्याच पट्ट्यात रस्त्यापासून वेगळे असे दुहेरी रूळ टाकले गेले. अनेक फाटके बंद झाली आणि रुळांच्या कडेची कित्येक घरे पाडावी लागली. किंमत मोठी होती. पण अकराव्या रस्त्यावरचे स्थानक शहराच्या मध्यातच, नव्या रूपात उभे राहिले. मे २०२४ पासून गाड्याही वाढल्या आणि प्रवासाचा वेळही कमी झाला.

थोडक्यात, तिथे रेल्वे रस्त्यावरून गेली, गावातून गेली नाही.

याचा बोरी बुद्रुकशी काय संबंध?

हा फरक जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना बाह्यवळणावरून चटकन कळेल. पूर्वी पुणे-नाशिक महामार्ग मंचर आणि नारायणगावच्या बाजारपेठेतून जाई. बाह्यवळण झाल्यावर अवजड वाहने बाहेरून जाऊ लागली, गावातील कोंडी हलकी झाली. पण लांब पल्ल्याची बसही बाहेरूनच गेली, तर प्रवाशाला फाट्यावर उभे राहण्याखेरीज पर्याय उरत नाही. वाहतूक बाहेर काढणे वेगळे आणि सेवा काढून घेणे वेगळे.

रेल्वेच्या बाबतीत इथे दुसरी गोष्ट घडते आहे. महारेलने आखलेला सुमारे २३५ किलोमीटरचा पुणे-नाशिक मध्यम अतिजलद मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा होता. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावांना पहिल्यांदाच हाकेच्या अंतरावर रेल्वे मिळणार होती. ऊस, कांदा आणि द्राक्षे पिकवणाऱ्या, टोमॅटो नारायणगावच्या बाजारात नेणाऱ्या या पट्ट्याची सारी भिस्त आजही ट्रक, एसटी आणि खासगी गाड्यांवर आहे.

अडचण खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपची, म्हणजे जीएमआरटीची. ही दुर्बीण बोरीपासून अगदी जवळ आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात. विजेच्या गाडीचा पेंटोग्राफ तारेला घासताना ठिणग्या उडतात आणि त्यातून रेडिओ गोंगाट तयार होतो. शिवाय इंजिनातील इलेक्ट्रॉनिक्स, रेल्वेची बिनतारी यंत्रणा आणि प्रवाशांचे मोबाइल. अँटेना दूरवर पसरलेल्या असल्याने रूळ चार-पाच किलोमीटर बाजूला सरकवूनही प्रश्न पूर्ण सुटत नाही.

म्हणून आता चाकण, अहिल्यानगर, शिर्डी, नाशिक असा मार्ग पुढे आला आहे.

मग आक्षेप खोटा आहे का?

नाही. जीएमआरटी ही जागतिक दर्जाची वेधशाळा आहे. ती इथे उभारली गेली, त्याचे एक कारण म्हणजे हा परिसर रेडिओ गोंगाटापासून तुलनेने मुक्त होता. ‘दुर्बीण की रेल्वे’ असा सामना लावणे सोपे असले तरी त्यातून तालुक्याच्या हाती काही लागणार नाही. पिढ्यान्पिढ्या टिकणारे विज्ञान आणि रोजचा प्रवास, दोन्ही सार्वजनिक हिताचे आहेत.

आक्षेप आहे तो निर्णयाच्या पद्धतीवर. मिशिगन सिटीत रूळ हलवताना स्थानक कुठे राहील आणि काम चालू असताना प्रवासी कशाने जातील, याची उत्तरे त्याच आराखड्यात होती. इथे मार्ग वळला, पण वगळलेल्या गावांसाठी काय, हा रकाना कोराच आहे.

सेवा एकदा गेली की परत यायला किती वेळ लागतो, हे बंगालने पाहिले आहे. रस्त्याच्या कडेने धावणारी हावडा-आमता ही छोटी रेल्वे १९७१ मध्ये बंद झाली. आमत्याला पुन्हा रेल्वे पोहोचायला २००४ उजाडले. मधल्या तेहतीस वर्षांत एक पिढी बसच्या टपावर आणि दारात लोंबकळत मोठी झाली.

आता काय मागायला हवे?

पहिली मागणी माहितीची. कोणत्या अंतरावर, कोणत्या वारंवारितेत किती व्यत्यय येतो, याची मोजमापे आणि बोगदा, खोल खोदाई, आच्छादन किंवा मर्यादित टप्प्यात वेगळी कर्षण व्यवस्था हे पर्याय तपासले गेले का, हे मराठीत जाहीर व्हावे. पर्याय शक्य नसतील तर तेही आकड्यांसह सांगावे. लोक कारण ऐकायला तयार असतात, मौनाने संशय वाढतो.

दुसरी मागणी जोडणीची. चाकणपर्यंत रेल्वे येणार असेल तर नारायणगाव, मंचर आणि राजगुरुनगरहून गाडीच्या वेळेला जुळणारी एसटी आणि एकच तिकीट हवे. ही सोय मार्गाच्या खर्चातच धरली जावी, नंतरच्या पत्रव्यवहारावर सोडू नये.

तिसरी मागणी मालाची. नाशवंत शेतमालासाठी शीतगृहासह माल चढवण्याची सोय या पट्ट्याला सर्वांत जवळच्या स्थानकावर असावी. गावातून रेल्वे जाणार नसेल, तर किमान टोमॅटो तरी रेल्वेपर्यंत वेळेत पोहोचला पाहिजे.

भररस्त्यातली रेल्वे संपली, याचे दुःख करण्याचे कारण नाही. ती धोक्याची आणि संथ होती. पण ज्या शहरांनी तिला हटवताना प्रवाशांना पर्याय दिला, तिथे रेल्वे वाढली. ज्यांनी नुसतेच रूळ उखडले, तिथे तोच प्रवासी दुचाकी घेऊन कोंडीत भर घालायला आला. पुणे-नाशिक मार्गाच्या नव्या आराखड्यावर शेवटची सही होण्यापूर्वी जुन्नर आणि आंबेगावच्या नावापुढचा कोरा रकाना भरला गेला पाहिजे. लोकप्रतिनिधींनी पक्ष बाजूला ठेवून पाठपुरावा करावा, तो याच एका गोष्टीसाठी.