बाजाराचा वार चुकवू नका

व्हिडिओत ह्या विषयाला वेळ पुरला नाही, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितोय. वाक्य तुमच्या ओळखीचं आहे: "सर, एकदा सगळी तयारी झाली की सुरू करतो." माझा आक्षेप त्यातल्या 'सगळी' ह्या शब्दावर आहे.

आरी वर्क शिकलेली एखादी ताई नमुन्याचं एकच ब्लाउज तीन महिने उसवते आणि परत भरते. गोधड्या शिवणारी बाई नक्षी अजून सरळ येत नाही म्हणून गोधडी घडी घालून पेटीत ठेवते. शेतीवर व्हिडिओ करू म्हणणारा पोरगा माईक आला की ट्रायपॉडची वाट बघतो, ट्रायपॉड आला की लोगोची. काम करायची तयारी ह्या सगळ्यांची आहे. आळशी माणूस माझ्याकडे येतच नाही. पण बचत गटाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू झालेला असतो आणि पेटीतली गोधडी हप्ता भरत नाही.

ह्याला लोक 'परफेक्शन' म्हणतात, मोठा शब्द आहे. आपल्याकडे त्याच्या मागे बऱ्याचदा दुसरंच काहीतरी असतं. पुण्यात किंवा मुंबईत तुम्ही काहीतरी बनवलं आणि ते फसलं, तर शेजारच्या फ्लॅटवाल्यालाही पत्ता लागत नाही. उमरगा, कळंब, परंडा, लोहारा असल्या गावात पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मावसबहीण, दुसरं म्हणजे जाऊबाई. त्यामुळं माल वाईट निघाला तर पैसे जातील ही भीती धाकटी, आणि पुढच्या लग्नात त्यावर चर्चा होईल ही भीती थोरली. म्हणून माणूस माल दाखवतच नाही आणि "अजून थोडं काम बाकी आहे" म्हणून मोकळा होतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या तेरची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गोरोबा काकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते ह्यानं कळतं. मग तेच थापटणं एकेकाच्या डोक्यावर बसलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेवांना मात्र राग आला, आणि काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. गोष्ट इतिहासाच्या कागदावर किती टिकेल तो वाद अभ्यासकांचा. कीर्तनात ही गोष्ट नामदेवांचा अहंकार दाखवायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. धंदा करणाऱ्यानं मात्र तिच्याकडे कुंभाराच्या बाजूनं बघावं.

मडकं कसं बनतं ते एकदा कुंभारवाड्यात उभं राहून बघा. चाकावरून उतरलेलं मडकं जाड असतं, बेढब असतं, कधी त्याला धड तळही नसतो. ते थोडं सुकू देतात. मग आतून दगडी किंवा मातीचा गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं हलके हलके ठोकायचं. त्यानं भिंत पातळ होते, पोट फुगतं, आकार येतो. परत सुकवायचं, मग भाजायचं. म्हणजे चाकावर एका दमात पूर्ण मडकं कुणीच काढत नाही. भट्टीत काही तडकणार हेही कुंभार धरूनच चालतो, म्हणून एकच मडकं लावून तो भट्टी पेटवत नाही. आणि न भाजलेलं मडकं बिघडलं, तर ती माती भिजवून परत मळता येते. भाजल्यावर मात्र तिची परत माती होत नाही. चूक स्वस्तात दुरुस्त होते ती कच्चेपणीच. तुम्ही तीन महिने ब्लाउज उसवता तेव्हा चूक महाग होईपर्यंत थांबता, इतकंच माझं म्हणणं आहे.

शेवटची परीक्षाही बघा कशी आहे. मडकं पक्कं आहे का, हे नुसतं बघून सांगत नाहीत. टिचकी मारतात आणि आवाज ऐकतात. बाजारात माठ घेणारी बाईसुद्धा तेच करते. तुमच्या मालाला टिचकी मारायला दुसरं माणूस लागतं. घरात बसून तुम्ही तो फक्त बघत राहता.

आणि नामदेवांचं पुढं काय झालं? चारचौघांत कच्चे ठरले, रुसले, आणि मग औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, असं परंपरा सांगते. त्यांचे अभंग पुढं पार पंजाबात पोचले, शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्येही आहेत. 'कच्चं' हा शब्द ऐकून काम थांबलं नाही.

आता नेमानं काम करायचं म्हणजे काय, ह्यावर माझं मत जरा वेगळं आहे. इंटरनेटवर सगळीकडे सल्ला असतो की रोज करा, तीस दिवसांचं चॅलेंज घ्या, एकही दिवस चुकवू नका. शहरातल्या पगारदार माणसाला ते जमत असेल. आपल्याकडे सोयाबीनची रास चालू असते, त्याच सुमारास नवरात्र येतं, ज्वारीच्या काढणीला माणूस मिळत नाही, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, घरात कुणीतरी दवाखान्यात असतं. अकराव्या दिवशी चॅलेंज तुटतं, आणि परिपूर्णतेचा किडा असलेला माणूस तुटलेलं चॅलेंज पुढं नेत नाही. "आता एक तारखेपासून नव्यानं." ती एक तारीख मग येत राहते.

रोजचं काम चालतं ते जिथं मालच तुमच्या मागं लागतो तिथं. भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्ट्या घ्या. म्हैस सकाळ-संध्याकाळ दूध देते, दूध थांबत नाही, म्हणून भट्टीवाल्याला आज मूड आहे का असं कुणी विचारत नाही. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर खवा. खाली जाळ, वर सतत ढवळणं, जरा हात थांबला की करपला. असं रोज केलं की हाताला कळायला लागतं खवा कधी उतरवायचा. कुंथलगिरीच्या खव्या-पेढ्याचं नाव झालं ते असल्या हातांमुळं. पण तुमच्या कामामागं अशी म्हैस बांधलेली नसेल, तर 'रोज' हा शब्द फसवा आहे.

आपल्याकडे त्याहून चांगली सोय आधीपासून आहे: आठवडी बाजार. तुमच्या गावचा जो वार असेल तो. मेथीवाली बाई "ह्या आठवड्यात जुड्या मनासारख्या बांधल्या नाहीत, पुढच्या बाजाराला येते" असं कधी म्हणाली आहे का? वार आला की आहे तो माल पाटीत. बारीक जुडी असेल तर दोन रुपये कमी, पण पाटी बाजारात. तसाच वार तुम्ही तुमच्या कामाला बांधा. दर आठवड्याला त्या वारी एक वस्तू, पूर्ण झालेली, घराबाहेरच्या माणसाच्या हातात किंवा डोळ्यासमोर. वर्षाला बावन्न बाजार होतात. राशीत, लग्नात, आजारपणात दहा बुडाले तरी बेचाळीस राहतात. बेचाळीस नमुने केलेल्या बाईचा हात आणि एकच ब्लाउज उसवणाऱ्या बाईचा हात ह्यांत वर्षाअखेर काय फरक पडेल, ते मी सांगायला नको.

मात्र वस्तूचा आकार लहान ठेवा. इथंच बहुतेक जण चुकतात. दर आठवड्याला पूर्ण ब्लाउज होणार नाही; छोट्या रिंगवर एक बुट्टी होईल. पूर्ण गोधडी होणार नाही. उशीची खोळ किंवा बाळाचं दुपटं होईल. दहा मिनिटांचा व्हिडिओ होणार नाही; एका मिनिटात 'कांद्याला पाणी कधी तोडायचं' एवढंच सांगता येईल. आकार इतका लहान की पाहुणे आले तरी उरकेल. पण त्या आकारात ती वस्तू पुरी झालेली हवी, टाका तुटका नको.

दादासाहेब फाळक्यांनी हेच केलं होतं. 1912 साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. सिनेमा काढायचा होता, पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोपाच्या वाढीची एकेक फ्रेम टिपली. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढताना दिसला. 'अंकुराची वाढ'. ना नट, ना कथा, ना सेट. तो तुकडा बघून पैसा लावणारे पुढं आले आणि 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. रोज एक फ्रेम बसते, कारण ती लहान आहे. आणि हो, तिथंही रोजचा नेम वाटाण्यानं लावला होता, कारण रोप काही थांबणार नव्हतं.

"पण सर, तेच तेच करून कंटाळा येईल, कला राहील का?" हा प्रश्न येतोच. त्यासाठी परत तेरलाच जाऊ. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या इवल्याशा मूर्ती आहेत. बऱ्याच साच्यातल्या आहेत, पुढचा एक साचा, मागचा एक, आणि दोन अर्धे जोडून आतून पोकळ मूर्ती. साच्यातून काढलेल्या वस्तू आज दोन हजार वर्षांनी काचेत ठेवल्यात, आणि केशरचना, दागिने बघत माणूस तिथं अर्धा तास उभा राहतो. पेरिप्लस नावाच्या जुन्या ग्रीक पुस्तकात तेरचं नाव तगर असं येतं, आणि तिथून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालात मलमलीबरोबर साधं कापडही भरपूर होतं असं लिहिलंय. साधं कापड, भरपूर. मला हे दोन शब्द फार आवडतात. आणि हे संग्रहालय ज्यांच्यामुळं उभं राहिलं ते रामलिंगप्पा लामतुरे तरी काय करत होते? वर्षानुवर्षं गावात सापडणाऱ्या वस्तू एकेक करून जपत गेले. जमलं तर एकदा पोरांना घेऊन जा.

आता एक गोष्ट कडक शब्दांत. 'परफेक्ट नको' ह्याचा अर्थ 'कसंही चालेल' असा काढू नका. गिऱ्हाइकाला इजा करणारी चूक आणि तुमच्या अभिमानाला लागणारी चूक ह्या दोन वेगळ्या आहेत. लोणच्याच्या बरणीला ओल राहिली, खव्यात भेसळ झाली, बाळाच्या दुपट्यात सुई राहिली, रंग कपड्याला लागला, तर तिथं शंभर टक्केच पाहिजे. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी आधी, पहिला बाजार नंतर. पण लेबलचा रंग जरा फिका आला, बुट्टी दोन दोरे डावीकडे गेली, व्हिडिओत मागं कोंबडा आरवला, तर माल बाहेर काढा. कोंबड्यामुळं कुणी व्हिडिओ बंद केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

भावकीच्या भीतीवर माझा उपाय साधा आहे: पहिलं गिऱ्हाईक अनोळखी शोधा. आपल्या जिल्ह्यात तुळजापूर आहे. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, नवरात्र, कुठकुठून माणूस येतो, आणि दर्शन झालं की घरी न्यायला काहीतरी घेतो. त्याला तुमची जाऊबाई माहीत नाही. तो वस्तू हातात घेईल, उलटीपालटी करेल, किंमत विचारेल, ठेवून देईल नाहीतर घेईल. हीच ती टिचकी. रस्त्याकडेला बसायचं असेल तर नगरपरिषदेचे नियम आधी विचारा, किंवा एखाद्या दुकानदाराला दहा नगं ठेवायला द्या आणि विकल्यावर पैसे घ्या. एक मात्र पाळा, फुकट वाटू नका. फुकटच्या वस्तूला सगळे "छान" म्हणतात. खरं मत वीस रुपये मागितल्यावर कळतं.

आणि एक वही करा, शंभर पानी पुरे. प्रत्येक बाजाराला चार ओळी: तारीख, काय केलं, किती वेळ लागला, घेणारा किंवा न घेणारा काय म्हणाला. त्याखाली पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट. एकच लिहा. किडा असलेला माणूस इथं सात गोष्टी लिहितो आणि पुढच्या आठवड्यात सातही धरून बसतो, मग वार चुकतो. आठ-दहा आठवड्यांनी वही चाळली की तुम्हाला दिसेल, ज्या गोष्टीसाठी झोप उडाली होती तिच्याबद्दल एकाही गिऱ्हाइकानं चकार शब्द काढला नाही, आणि जिच्याकडे लक्षच नव्हतं, उदाहरणार्थ मापाचा गोंधळ, ती तिघांनी बोलून दाखवली.

वार बुडाला तर वहीत 'बुडाला' लिहा आणि पुढच्या वाराला जा. दुप्पट करून भरपाई करायला जाऊ नका.

पुढच्या व्हिडिओत ह्या पहिल्या दहा वस्तूंची किंमत कशी लावायची ते घेऊ, मजुरी धरून. तो बघायच्या आधी तुमच्या वहीत एक बाजार लिहिलेला असू द्या, म्हणजे हिशोब तुमच्याच आकड्यांवर करता येईल.