‘सायको’ परीक्षेत सवलत नाही, सराव आहे

आपल्या वस्त्यांतील बरीच मुले दहावीनंतर आय.टी.आय. करतात. फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा डिझेल मेकॅनिक झालेल्या मुलामुलींना रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनावरचा सहायक चालक होता येते. 2024 साली रेल्वेने या पदाच्या 5,696 जागा काढल्या, पुढे त्या 18,799 पर्यंत वाढवल्या. लेखी परीक्षेच्या दोन पायऱ्या चढून गेलेली मुले तिसऱ्या पायरीवर मात्र घसरतात. ही पायरी म्हणजे संगणकावरची कल चाचणी. मुले तिला ‘सायको’ म्हणतात आणि नावालाच घाबरतात.

वाचकहो, येथे कोणी वेडा-शहाणा तपासत नाही. गाडी चालवताना स्मरणशक्ती, नजर आणि लक्ष शाबूत राहते की नाही, एवढेच पाहतात. चाचण्या पाच असतात. नकाशावजा चित्र दाखवून, ते नजरेआड झाल्यावर कोणती वस्तू कुठे होती ते विचारणे ही पहिली. दिलेल्या सूचना क्रमाने पाळणे ही दुसरी. विटांच्या ढिगात एका विटेला किती विटा टेकल्या आहेत हे ओळखणे ही तिसरी. लक्ष न ढळू देता एकसारखे काम करणे ही चौथी आणि सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांतून हुबेहूब आकृती झटकन शोधणे ही पाचवी.

आता महत्त्वाचे ऐका. पहिल्या लेखी परीक्षेत खुल्या गटाला किमान 40 टक्के, तर अनुसूचित जातीला 30 टक्के गुण लागतात. कल चाचणीत ही सवलत नाही. पाचही चाचण्यांत प्रत्येकी किमान 42 टी-स्कोअर सर्वांनाच लागतो. चारांत उत्तम आणि एकात कमी पडला, तरी उमेदवार बाद. टी-स्कोअर म्हणजे टक्केवारी नव्हे. सरासरी उमेदवार 50 च्या आसपास धरला, तर आपण त्याच्या किती पुढे-मागे आहोत हे तो आकडा सांगतो. अंतिम यादीतही या चाचणीला 30 टक्के वजन असते.

यावर काही कार्यकर्ते अन्याय झाल्याची ओरड करतात. आम्हाला ते पटत नाही. 1943 साली बाबासाहेबांनी व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना सरकारी नोकऱ्यांत आपल्यासाठी राखीव जागा मिळवल्या. तो हक्क कायम आहे आणि तो राखलाच पाहिजे. पण इंजिनावर बसणाऱ्याच्या हाती शेकडो जीव असतात. तेथे सवलत मागण्यापेक्षा सराव करणे बरे.

सरावासाठी हजारो रुपयांचा क्लास लागत नाही. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वे संस्थेने प्रश्नांचे नमुने आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. ते मोबाईलवर न सोडवता शक्यतो संगणकावर, घड्याळ लावून सोडवावेत. विहाराच्या अभ्यासिकेत एखादा जुना संगणक असेल तर दहा मुलांचे काम भागते. चुकीच्या उत्तराला येथे गुण कापत नाहीत, म्हणून वेग ठेवावा. लेखी परीक्षा मराठीतून देता येते, पण कल चाचणीची भाषा हिंदी आणि इंग्रजी एवढीच असते. सूचना समजल्या नाहीत तर हुशार मूलही चुकते. तेव्हा हिंदीतून सूचना वाचायची सवय आधीच लावावी. त्या दिवशी डोळ्यांच्या तपासणीचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच न्यावा. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला प्रवासाचा मोफत पास मिळतो, तोही सोडू नये.

खाजगी कंपन्या स्वभावाची प्रश्नावलीही भरून घेतात. तेथे पाठ केलेली उत्तरे देऊ नयेत. एकच गोष्ट शब्द फिरवून दोनदा विचारतात, आणि बनवाबनवी केली की उत्तरे जुळत नाहीत. आहे तसे सांगावे.

आईवडिलांना एक विनंती. चाचणीच्या आदल्या रात्री घरात टीव्ही बंद ठेवा, पाहुणे बोलावू नका, मुलाला वेळेवर झोपू द्या. रात्रभर जागून पाठ करण्याजोगे या चाचणीत काही नसते. थकलेले डोळे आणि शिणलेले डोके मात्र हातची नोकरी घालवू शकते. आणि ‘साहेबाला सांगून पास करून देतो’ म्हणणारा कोणी दारात आला, तर त्याला चहाही विचारू नका.

जयभीम!